पावण्याचा नकार

कल्पना करा, समोर वर्गभर पोरं बसलीत आणि तुम्हाला त्यांना 'रिलक्टंट' हा इंग्रजी शब्द शिकवायचाय. अर्थ फळ्यावर लिहायचा नाही, मराठीत सांगायचा नाही. बोलता बोलता पोरांनीच तो वापरला पाहिजे. कसं कराल?

शिवलीला मॅडमनी त्यावर पावण्याचा खेळ शोधून काढला होता. २००३ साली त्या कोल्हापुरात कळंब्याजवळच्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये इंग्रजी शिकवायच्या. एकानं पावणा व्हायचं, बाकीच्यांनी त्याला चहाला बसवायचं, आणि सगळं इंग्रजीत. हातकणंगल्याला त्यांच्या माहेरी कुणी चहा न घेता गेलं, तर आई दिवसभर हळहळायची. तोच आग्रह त्यांनी वर्गात आणला. नको म्हणणारा 'रिलक्टंट', मागं लागणारे 'इन्सिस्ट' करणारे, पावणा बसला की त्याला 'पर्स्युएड' केलं. शाहूवाडीचा केरबा हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा, तो आता सगळ्यांच्या वर ओरडायचा.

ओरडणं प्राचार्य सोमशेखर सरांच्या कानावर गेलंच.

"मॅडम, पोरं शिकत्यात का भांडत्यात? शनिवारी येऊन बघतो. असंच असलं तर तास बंद. शब्द पाठ करून घ्या गुमान."

पाठांतर आलं की केरबा पुन्हा मुका होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शनिवारी त्यांनी पोरांना बजावलं, "आज हळू आवाजात." पण कोल्हापुरात हळू आवाजात आग्रह कुणाला जमलाय? दोन मिनिटांत वर्ग दणाणला, आणि नेमकं तेव्हाच सर दारात येऊन उभे राहिले.

मॅडमना वाटलं, संपलं.

केरबाला मात्र दारात उभा माणूस दिसला, आणि दारात उभ्या माणसाला आत घ्यायचं एवढंच त्याला कळत होतं.

"वेलकम, पावणं! प्लीज सिट."

"नो, नो. आय ॲम नॉट हिअर टू सिट."

"सर, यू आर रिलक्टंट," पुढच्या बाकावरच्या संयोगितानं खुर्ची पुढं ओढली. "बट वी इन्सिस्ट. ओन्ली हाफ कप."

"आय हॅड माय टी."

"दॅट वॉज युवर टी, सर," केरबा म्हणाला. "धिस इज अवर टी."

वर्ग हसून लोळला. सरांनी मॅडमकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि ते बसले. कँटीनमधून खरोखरचा चहा आला. तास संपेपर्यंत सर हलले नाहीत. उठताना म्हणाले, "खिडक्या तेवढ्या लावून घेत जावा. तास चालू द्या."

सर पुढं निवृत्त झाले, केरबा नोकरीला लागला. मॅडम दर वर्षी नव्या वर्गाला ही गोष्ट सांगतात आणि सांगताना स्वतःच अडतात. आपल्याकडं पहिल्या हाकेला कोण बसतं? भूक लागली असली तरी दोनदा नको म्हणायचंच. मग त्या दिवशी सर खरंच 'रिलक्टंट' होते, की दारात आल्यापासूनच पावणे झाले होते?