लाल दिव्याच्या मागे

१४ डिसेंबर, शनिवार. जेवणं आटोपल्यावर अंगणात जुनी चादर पसरली, दोन्ही सायकली उलट्या करून ठेवल्या आणि डिझेलच्या फडक्यानं चेन पुसायला घेतल्या. तेल दिलं, ब्रेक पाहिले, हवा भरली, मागचे लाल दिवे चार्जिंगला लावले. रात्रभराच्या राइडला मागचा दिवा आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट नसेल तर सुरुवातीलाच घरी पाठवतात. नवरा आत झोपला होता. रात्रपाळी करून सकाळी आला होता, त्यामुळे सगळी तयारी माझ्याकडे होती.

राइड दोनशे किलोमीटरची. संध्याकाळी सातला शिरूरहून सुटायचं, न्हावरे, चौफुला करून सोलापूर हायवेला लागायचं, यवतला पहिला थांबा. तिथून वळून भिगवण, परत दौंड, मग भीमा ओलांडून मांडवगण फराटा, निमोणे असं करत शिरूर. साडेतेरा तासांच्या आत परत पोचायचं. शर्यत नाही, पहिलादुसरा नंबर नाही. वेळेत आलात तर पदक, नाहीतर आलात तसे घरी जा.

मी शाळेत खेळ शिकवते. नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायचा. बस ठेकेदाराची, पगारही ठेकेदाराचा. काही वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालायचा त्याला कंटाळा, म्हणून सायकली घेतल्या. सकाळच्या उजेडात आम्ही पुष्कळ फिरलो. रात्रीची राइड कधी केली नव्हती, आणि ही करायचं मी ठरवलं होतं. त्याचं कारण त्याला सांगितलं नव्हतं.

वर्षभरात बसचा डावा आरसा दोनदा फुटला. एकदा कंपनीच्या गेटच्या खांबाला बस घासली. घरातली लाइट गेली की तो असेल तिथं उभा राहायचा आणि मला बॅटरी आणायला सांगायचा. डोळे तपासून घ्या म्हटलं की म्हणायचा, "लायसन आत्ता रिन्यू झालंय. डोळे बघूनच देत्यात." ते कसं झालं होतं ते मला माहीत होतं. डॉक्टरचा दाखला एजंटानं आणला होता, डॉक्टरनं याचं तोंडही पाहिलं नव्हतं. याची ड्युटी रात्रीची, दुसऱ्या पाळीची माणसं घरी सोडायची आणि तिसऱ्या पाळीची न्यायची. बस भरलेली असते. त्यात माझ्या हाताखाली खो-खो खेळलेली पोरं आहेत. याला अंधारात किती दिसतं ते मला बघायचं होतं. त्यानं शनिवारची रात्र सुट्टी टाकली, ठेकेदारानं त्या रात्रीपुरती दुसरी बस लावली. रविवारी रात्री पुन्हा बसवर जायचं होतं.

सुटलो तेव्हा तो म्हणाला, "तू पुढं चल. तुझा वेग बरा हाय, मी मागं राहतो."

एरवी हा माणूस सायकलवर मला पुढं जाऊ देत नाही. मी पुढं झाले.

न्हावऱ्यापर्यंत रस्त्यावर वर्दळ होती. उसाचा हंगाम, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मोठ्या आवाजात गाणी लावून चाललेले. समोरून कुणी प्रखर दिवे टाकत आला की तो मागून ओरडायचा, "हळू!" मला त्रास होत नव्हता, तर मी हळू का होऊ? पण झाले.

चौफुल्याच्या अलीकडे रस्त्यात एक मोठा दगड होता आणि त्याच्या मागे बाभळीची फांदी. आमच्याकडे ट्रॅक्टर बंद पडला की मागे अशी फांदी आणि दगड लावतात, आणि दुरुस्त झाला की ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथंच राहतो. रात्री गाडी चालवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. फांदी दिसली की बाजूला व्हायचं. मी बाजूला झाले. मुद्दाम ओरडले नाही. मागे फांदी मोडल्याचा आवाज आला. चाक दगडाला घासून गेलं आणि तो कसाबसा सावरला.

"दिसली नाही?" मी विचारलं.

"दिसली की. वाटलं, सावली हाय."

यवतच्या ढाब्यावर बाकीचे सायकलवाले चहा पीत बसले होते. सगळे पंचविशी-तिशीतले. त्यातला एक याला म्हणाला, "काका, काकूंच्या मागं मागं बरं चाललंय!"

"तीस वर्षं तेच करतोय बाबा," हा म्हणाला. सगळे हसले. हात धुवायला उठला तो वाटेतल्या रिकाम्या खुर्चीवर आदळला, आणि ते पुन्हा हसले. मी हसले नाही. मला जे बघायचं होतं ते तिथंच अर्धं दिसलं होतं. परत फिरायला हवं होतं. पण अर्धं कळून उपयोग नव्हता. एवढ्यावर त्याला धरलं असतं तर त्यानं ते थकव्यावर नाहीतर चष्म्याच्या नंबरावर ढकललं असतं. आम्ही पुढे निघालो.

हायवेवर अडचण आली नाही. उजेड भरपूर, रस्त्याला पांढरी पट्टी. भिगवणला थंडीनं बोटं वाकेनात. दौंड सोडून नदी ओलांडली आणि दिवे संपले. दोन्ही बाजूंना ऊस, वर धुकं, चंद्र होता पण त्याचा उजेड खाली पोचत नव्हता. पुढचे सायकलवाले केव्हाच दूर गेले होते.

मांडवगणच्या अलीकडे मला थांबावं लागलं. बाईमाणसाला रस्त्याच्या कडेला थांबायचं तर आधी दिवे बंद करावे लागतात. मी म्हटलं, "अहो, तुम्ही हळूहळू पुढं व्हा. मी येतेच." तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "लवकर ये," आणि गेला.

रस्त्यावर परत आले तर लांबवर त्याचा दिवा दिसला नाही. वेग वाढवला. एक वळण गेलं, दुसरं गेलं, नुसता अंधार. आधी राग आला. एवढ्यात इतका पुढं कसा गेला? फोन केला, वाजत राहिला. फोन त्याच्या सायकलच्या मागच्या पिशवीत असायचा. मग रस्त्याच्या कडेनं दिवा टाकत परत फिरले, पाण्याच्या चारीत डोकावत. या भागात बिबट्या आहे. रात्री पाणी द्यायला जाणारे मोबाइलवर गाणी लावून जातात, ती त्यासाठीच. मी त्याला हाका मारल्या. उसातून उत्तर आलं ते दुसऱ्याच माणसाचं.

"ओ ताई! हिकडं या, हिकडं! बांधावरनं या, चिखूल हाय!"

डांबरी सोडून एक कच्ची वाट उसात जात होती. आत विहिरीजवळ मोटरसायकल उभी होती. फेटा आणि स्वेटर घातलेला एक म्हातारा शेतकरी बॅटरी धरून उभा, आणि त्याच्या शेजारी माझा नवरा, सायकल धरून, घोट्यापर्यंत पाण्यात.

"ह्यो मानूस तुमचाच काय?" म्हातारा म्हणाला.

"हो आप्पा."

"मंग सांभाळा की! रातची लाइट हाय ह्या आठवड्यात, मोटार चालू कराया निघालो, तर माज्या गाडीमागं सायकल. म्या वळलो, ह्ये बी वळलं. म्हनलं चोरबीर हाय का काय. हितं येऊन थांबलो, तर ह्ये पाटात शिरलं. इचारलं, कुटं निगाला? तर म्हंतंय, शिरूर! आवं, शिरूर माज्या बांधावरनं गेलं व्हय कवा?"

नवऱ्यानं सायकल पाटातून बाहेर ओढली.

"पिलाय काय?" म्हाताऱ्यानं आवाज खाली आणून मला विचारलं.

"नाही आप्पा. पीत नाहीत ते."

"मंग?"

मी सायकल बांधाला टेकवली. म्हाताऱ्यानं मोटार चालू केली, पाणी सुटलं, तो दारं धरायला, सरीसरीत पाणी वळवायला गेला. जाताना म्हणाला, "उजाडल्याबिगर जाऊ नका. परवा कुत्रं नेलंय बिबट्यानं." शेकायला उसाची वाळली पाचट पेटवून आणि बसायला एक खोकं ठेवून तो गेला.

नवऱ्यानं बूट काढून पाणी ओतलं.

"त्या मोटरसायकलमागं का गेलात?"

"लाल दिवा दिसला. वाटलं, तू पुढं गेलीस."

"मी मागं होते. डांबरी सुटून माती लागली, तेव्हाही कळलं नाही?"

त्यानं काडीनं पाचट सारखी केली. मग म्हणाला, "दिव्याबिगर काही दिसत नाही मला. खालचं तर अजिबात न्हाई. वरीस झालं."

"आणि बस?"

"बस चालती की."

"कशी?"

"पुढच्या गाडीचा लाल दिवा धरायचा. रस्ता पाठ हाय. पुढं कोण नसलं तर एखाद्या पोराला म्होरच्या सीटवर बसवायचं. त्याला म्हनायचं, झोप येती, बोलत बस. पोरं बोलत्यात. आला बघा स्पीडब्रेकर, आली बघा बैलगाडी. तेवढं पुरतं."

त्यानं हे अगदी साधं सांगितलं, गिअर कसा टाकायचा सांगावं तसं. माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या सीटवरचं पोरगं आलं, पाळी संपवून दमलेलं, ड्रायव्हरला जागं ठेवतोय असं समजून बडबडणारं. वर्षभर ती पोरं त्याचे डोळे झाली होती आणि एकालाही ते माहीत नव्हतं.

"पुढच्या गाडीवाला रस्ता सोडून असा उसात वळला तर?" मी म्हटलं.

त्यानं ओले मोजे पिळले.

"आज रात्री ड्युटी आहे ना?"

"हाय. पण तू कुणाला बोलू नको. मी दिवसाची गाडी मागतो."

"मागितली होती ना?"

"मागितली. दिवसाच्या गाड्या ठेकेदाराच्या पाव्हण्यांकडं हायेत."

"मग काय मागणार?"

"अगं, छप्पन्नाव्या वर्षी ड्रायव्हरनं दुसरं काय करायचं? स्टिअरिंग सोडून मला काय येतंय? तुझ्या पगारावर घरात बसू?"

"बसा."

"मला ते जमनार न्हाई."

"तुम्ही सांगताय की मी सांगू? तेवढंच बोला."

तेवढंच तो बोलला नाही. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय, आहे तेवढं टिकलं तरी खूप. पण ते महिन्याभरानं. त्या रात्री आम्ही पाचट विझेपर्यंत खोक्यावर शेजारी शेजारी बसलो आणि नंतर थंडीत नुसतेच बसलो. झोप कुणालाच लागली नाही.

उजाडलं तशी सायकल घेऊन तो माझ्या आधी बांधावरून निघाला. चिखल, पाट, दगड, सगळं नीट चुकवत. उजेडात त्याला चांगलं दिसत होतं. निमोण्यापर्यंत तो पुढं होता, मी मागं. राइडची वेळ उलटून चालली होती. शिरूर जवळ आलं तेव्हा त्यानं वेग कमी केला आणि मी शेजारी आल्यावर म्हणाला, "आजची एक रात्र जाऊ दे. उद्या मी सांगतो."

"आजचीच नाही जाऊ द्यायची."

"मग तुझं तू बघ," असं म्हणून तो घराकडे वळला.

मी राइड संपते त्या हॉटेलाकडे गेले नाही. सरळ ठेकेदाराच्या बंगल्यावर गेले. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो.

"या बाई. मिळालं का पदक?"

"नाही मिळालं. अण्णा, आजपासून यांना रात्रीच्या बसवर पाठवू नका."

"का? भांडला काय दोघं?"

"त्यांना रात्री दिसत नाही."

ते हसले. मग मी हसत नाही हे पाहून पेपर खाली ठेवला. "कवापासून?"

"वर्ष झालं."

"आन् तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला आज पहाटे कळलं."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "हे बाहेर बोलू नका. कंपनीला कळलं तर माझी गाडी बंद करतील. बरं, आजची रात्र चालवू दे. रविवारी मी ड्रायव्हर कुठनं आणू?"

"ते मला माहीत नाही. ते आज चालवणार नाहीत."

"दिवसाची गाडी न्हाई बरं का माझ्याकडं. सांगून ठिवतो. परत मागायला येऊ नका."

"नाही येणार."

"मग चावी पाठवून द्या."

घरी गेले. नवरा अंगणात सायकल टेकवून पलंगावर पडला होता, भिंतीकडे तोंड करून, अंगात तेच चिखलाचे कपडे. बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती. "चावी कुठाय?" मी विचारलं. त्यानं न वळता हातानं शर्ट दाखवला. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून चावी घेतली, कपाटातून दुसरी काढली. पायांत पेडल मारायचं त्राण नव्हतं, म्हणून चालत गेले. अण्णा अजून ओट्यावरच होते, कानाला फोन. चावी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"डुप्लिकेट?" फोनवर हात ठेवून ते म्हणाले.

तीही दिली.