दमा तुलारामचा, गोळी कवडूची

आंधळगावचा कवडू चाळिशीतही धानाचं पोतं पाठीवर घेऊन बांधावरून सरळ चालायचा. थोरला भाऊ तुलाराम मात्र दम्यानं पार खंगलेला. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात कवडूनं त्याला भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं. दम्यावरच्या नव्या गोळीची तिथं चाचणी चालली होती. डॉक्टरांनी तुलारामची छाती ऐकली आणि मान हलवली.

"हे चालणार नाहीत. हे आजारी आहेत."

"म्हून तं आणलं ना जी," कवडू म्हणाला.

गोळी हृदयाला बाधते का, हे आधी धडधाकट माणसावरच बघायचं होतं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. भावाला औषध लवकर मिळेल या आशेनं कवडूनं सही केली.

गोळ्या दोन, आठवड्याच्या अंतरानं. एकीत औषध, दुसरीत नुसती साखर. कोणती कधी, ते बंद पाकिटात लिहिलेलं; डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या खेपेला छातीला तारा लावून घेतलेला कवडू चक्क घोरला. तुलाराम बाहेर बाकावर धापा टाकत बसलेला.

दुसऱ्या खेपेला गोळी गिळताच कवडूची छाती धडधडू लागली, हात कापू लागले. यंत्राच्या कागदावर रेघा दाटीवाटीनं उमटल्या. "जीव चालला माहा," तो पुटपुटला. नर्स उषाबाईंनी तुलारामला आत घेतलं. तो खोकत खोकत कवडूची पाठ चोळत राहिला.

निरोप मिळताच कवडूची बायको धुरपता धावत आली. तोवर सगळं शांत झालं होतं.

"दमा भासऱ्यायले, अन् गोळी तुमी काहून खाल्ली?" तिनं थोरल्या दिराकडे बघत विचारलं.

महिन्याभरानं डॉक्टरांनी दोघा भावांना बोलावून ते पाकीट उघडलं. दुसरी गोळी साखरेची निघाली. खऱ्या औषधानं कवडूच्या हृदयाला काहीच केलं नव्हतं.

"आता आणखी लोकांवर बघू, मग आजाऱ्यांवर," डॉक्टर खुशीत म्हणाले. "दोन-तीन वर्षं लागतील."

परतीच्या एसटीत तुलारामनं हळूच विचारलं, "खरी गोळी खाल्ली तवा छातीत कसं वाटलं रे?"

कवडूनं पुष्कळ आठवून पाहिलं.

"मी झोपलो होतो, भाऊ."

सत्त्याऐंशीत ती गोळी गावाजवळच्या मोहाडीच्या औषधांच्या दुकानात आली. तुलारामला बराच आराम पडला. फक्त ती घेतली की त्याला झोप येत नसे.