कुलूपबंद खोलीतला भरलेला माठ

सुरुवातीलाच सांगते, भूतबित मी मानत नाही. ऑफिसात कोणी असले किस्से सुरू केले की मी फाईल उघडून बसते. पण हे माझ्याच कुलुपाआड घडलं... म्हणून लिहितेय.

मी अहेरीला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. सूरजागडची खाण सुरू झाल्यापासून इथे खोली शोधता शोधता नाकीनऊ येतात. "भाड्याने देणे" अशी पाटीच दिसत नाही, आणि दिसली तर भाडं ऐकून माणूस आल्या पावली परत फिरतो. आमच्या आधीच्या घरमालकाने जागा सोडायला सांगितली तेव्हा दीड महिना वणवण केली. सोबत आई, गुडघ्यांनी अधू. खोली मिळाली नसती तर तिला बल्लारपूरला भावाकडे पाठवावं लागलं असतं – आणि तिथे ती कोणालाच नको होती.

शेवटी एका बाईंकडे वरची खोली मिळाली. इथली रीत अशी, की रिकाम्या खोलीला आपलं कुलूप लावून जायचं, म्हणजे खोली आपली. आत काही म्हणजे काही नव्हतं. मी कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आई आणि सामान घेऊन पोचले, तर घरमालकीणबाई खोलीच्या दाराशीच उभ्या.

"कुलूप काढून घ्या बाई. ठेकेदाराले पूर्ण मजलाच पाह्यजे. भाडं जास्त देऊन राह्यला तो."

भांडायचीही ताकद उरली नव्हती. कुलूप काढलं, दार ढकललं... कोपऱ्यात मातीचा माठ. काठोकाठ भरलेला, बाहेरून ओला, झाकणावर पेला.

बाई माठाजवळ जाऊन वाकल्या. "हा त गुरुजीचा माठ! बारा वर्षं राह्यले ते इथी. मी भाडं वाढवलं, म्हणून मागच्या महिन्यात सोडून गेले. जाताना म्हणत होते, माठ भरून ठेवतो, येणाऱ्याले पाणी भेटलं पाह्यजे. पण रंगवाला येऊन उभा होता... मी पाण्याची मोटर बंद करून टाकली. रिकामा माठ घेऊन गेले. गावी आठ दिवसांत वारले."

जिना चढून आई दमली होती. कोणी काही म्हणायच्या आत तिनेच पेला बुडवला.

"थंड आहे वं," म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

बाईंनी तिथूनच ठेकेदाराला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

याला दोन वर्षं झाली. खिडकीला गज आहेत, कुलुपाला तिसरी किल्ली नव्हती. माठ आला कुठून, मला अजूनही सांगता येत नाही. विचार करून करून थकले, आणि सोडून दिलं.

आता व्यवहार बाईंचा मुलगा बघतो. महिनाअखेर खोली सोडा म्हणालाय. दुसरी मिळत नाही. आई बल्लारपूरला जाणार, या विचाराने मला रडू येतं. गुरुजींची भीती मला कधीच वाटली नाही. भीती वाटते ती एवढीच – खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत असेल, आणि माझ्या हातून माठ भरायचा राहून जाईल.