उलटं दार

आमच्या लातूरच्या घरातलं एकूण एक दार बाहेर उघडतं. पाहुणे आधी ढकलतात, मग खांद्यानं रेटतात, मग आम्ही आतून ओरडतो, "ओढा, ओढा!" बाबा सुतार. भूकंपानंतर त्यांनी आत उघडणारं एकही दार बसवलं नाही. गिऱ्हाइकानं हुज्जत घातली की हत्यारं पिशवीत भरून सरळ उठायचे. गल्लीत आम्हाला 'उलट्या दाराचे' म्हणत. मला लाज वाटायची, बाबांचा रागही यायचा. आमचं कोणी गेलं नव्हतं, घराला साधा तडा नव्हता. मग एवढं काय? आई एकदा तोंडावरच म्हणाली, "ज्यांचं गेलं ते कामाला लागले. तुमचं काय गेलं?" बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढे मी नर्स झाले. यंदा उमरी तालुक्यात पूर येऊन गेल्यावर आम्हाला फॉर्म देऊन गावोगाव पाठवलं. पाणी ओसरलं तरी कुणाच्या मनातून ते ओसरणार नाही, हे आधीच ओळखायचं होतं. घरचं कोणी गेलं का? इजा झाली का? घर पडलं का? स्वतः पाण्यात अडकलात का? जितके 'हो', तितका धोका जास्त. प्रश्न काही वाईट नव्हते. माणसं उत्तरं देत, रडत, वर चहाही पाजत.

एका ओट्यावर एक गृहस्थ उभे होते. बसा म्हणाले नाहीत. चारही प्रश्नांना "न्हाई." वर म्हणाले, "माझं काय बी गेलं न्हाई, बाई. फुडच्या घरी जावा." मी 'धोका नाही' वर खूण केली.

पुढच्या घरच्या बाईनं सांगितलं, पाणी चढत होतं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याला त्या ओट्यावरच्या गृहस्थांनीच म्हटलं होतं, "बिनघोर झोपा, हितवर पाणी येत न्हाई." म्हातारा वाहून गेला. तेव्हापासून ते म्हाताऱ्याच्या घराकडे पाठ करूनच बसतात. मी हळहळले, पण खूण बदलली नाही. त्याला रकानाच नव्हता.

रविवारी लातूरला आले. दार ओढलं आणि हात कडीवरच राहिला. माझे चारही प्रश्न बाबांना विचारले असते तर चारही वेळा 'नाही'च आलं असतं.

बाबा करवतीला कानस लावत होते. मी समोर बसले. "बाबा, भूकंपात न उघडलेलं ते दार कुणाचं होतं?"

त्यांनी कानस खाली ठेवली.

"दोस्ताचं. सागवानी. लई मजबूत केलं व्हतं मी. भिंत आत पडून दाराला टेकलेली. आम्ही भायेरून ढकलत व्हतो, हलंना. आतून हाका येत व्हत्या. माझंच दार मी कुऱ्हाडीनं फोडत व्हतो, अन् ते फुटंना." करवत बाजूला सारून म्हणाले, "फुटलं तवर हाका थांबल्या व्हत्या."

या माणसाला आम्ही इतकी वर्षं हसलो. मला रडू आवरेना. बाबा रडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या फॉर्मात हाय का ह्याला जागा?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या ओट्यापुढे उभी राहिले. फॉर्म पिशवीतच ठेवला होता.

"दादा, शेजारचे आजोबा कसे होते हो?"

 ते घरात तोंड करून म्हणाले, "चटई आण गं. बाईला येळ लागंल."