टिंबावर एकही करकोचा नाही

वनखात्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. एकोणतीस वर्षं तिने करकोचे मोजले. मोजणीचं यंत्र दाबून दाबून अंगठ्याला घट्टा पडला होता. दर हिवाळ्यात नऊ जागा. जिथे पक्षी जास्त, त्या जागेचं वजन जास्त, असं धरून सगळ्या करकोच्यांचा मध्य काढायचा आणि नकाशावर लाल टिंब द्यायचं. टिंब सरकलं, की पक्षी कुठल्या बाजूला चाललेत ते कळायचं. ही पद्धत खात्यात आणली तिनेच, आणि आता तिलाच त्या टिंबाची शिसारी आली होती.

करकोचे तळं सोडून शहराबाहेरच्या उकिरड्यावर जाऊ लागले होते. सडकी आतडी, लहान मुलांचे लंगोट, आणि त्यात चोच खुपसून उभा असलेला तो देखणा पांढरा पक्षी! नाकाला रुमाल बांधून ती मोजायची आणि अधूनमधून ओकायची. घरी नवरा दारातच अडवायचा. "अगं, बूट बाहेर ठेव. जमलं तर तूही जरा बाहेरच थांब."

त्या वर्षी तळ्यावर नऊशे भरले, उकिरड्यावरही नऊशे. बाकी सात जागी शुकशुकाट. टिंब पडलं दोन्हींच्या बरोबर मध्ये, बस आगारात.

साहेब म्हणजे उंटावरचा शहाणा. आकड्यांकडे न बघता त्याने टिंबावर बोट ठेवलं. "पक्षी तळ्यातून हलले म्हणायचे. मग तळं राखीव कशाला? भराव टाकायचा अर्ज पडूनच आहे."

"साहेब, निम्म्यांची घरटी अजून तळ्यावरच आहेत. टिंबावर एकही करकोचा नाही."

"टिंब तुम्हीच दिलंत ना?"

ती त्याला थेट बस आगारात घेऊन गेली, हाताला धरून नेलं नाही एवढंच. तिथे बस धुवायचं काम चाललं होतं. तेलकट फेसाच्या पाण्यात एक ड्रायव्हर चुळा भरत होता. "दाखवा एक करकोचा," ती म्हणाली. साहेबाने बराच वेळ वर पाहिलं. "सकाळीच उडून गेले असतील." सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

परत आल्यावर कारकून हळूच म्हणाला, "बाई, उकिरडा यादीतून गाळा. टिंब आपोआप तळ्यात येईल." खोडरबर तिच्या हातात होतं. तळं वाचलं असतं. पण न मोजलेला पक्षी तिने कधी लिहिला नव्हता आणि मोजलेला कधी खोडला नव्हता. तिने दोन्ही आकडे पहिल्याच पानावर ठळक लिहिले. साहेबाने ते पान उलटलं, टिंब पाहिलं आणि भरावाच्या अर्जावर सही ठोकली. तिला त्याची किळस आली, आणि थोडी स्वतःचीही.

पुढच्या हिवाळ्यात तळ्याच्या जागी मुरूम होता. तळ्यावर शून्य, उकिरड्यावर अकराशे. उरलेले सातशे तिला कुठेच सापडले नाहीत. टिंब थेट उकिरड्यावर पडलं.

साहेबाची कळी खुलली. "बघा बाई! या वेळी टिंबावर पक्षी आहेत की नाही?"