दुसऱ्या भागात मला मारलं

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच मी हुकूमशहा झाले. त्याआधी बरीच वर्षं धुळ्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते, त्यामुळे ओळखीच्या लोकांना यात फारसा बदल जाणवला नाही.

झालं असं, की माझा एक जुना विद्यार्थी लग्नाचे व्हिडिओ काढतो. लग्नसराई संपली की त्याचा ड्रोन कपाटात पडून राहायचा आणि ते त्याला बघवायचं नाही. म्हणून त्याने अहिराणीत सिनेमा काढायचं ठरवलं, लोकांनी मोबाइलवर बघावा असा. गोष्ट पुढच्या काळातली. नद्या आटल्या आहेत, सरकार उरलेलं नाही, एकाच विहिरीला पाणी आहे आणि ती विहीर एका जुलमी माणसाच्या ताब्यात आहे. लोक रांगेत उभे राहतात, तो पाणी मोजून देतो आणि रांग मोडणाऱ्याला वाळवंटात हाकलतो. वाळवंट म्हणून साक्रीकडचं एक माळरान त्याने बघून ठेवलं होतं.

माझ्याकडे तो आला संवाद तपासून घ्यायला. सगळी जनता अहिराणी बोलणार आणि जुलमी माणूस तेवढा पुस्तकी मराठी बोलणार, अशी त्याची कल्पना होती.

"मॅडम, त्याच्या बोलण्यात एकही चूक नको," तो म्हणाला.

"ते का?"

"भीती वाटली पाहिजे ना."

मी आयुष्यभर जी भाषा शिकवली तिचा हा उपयोग मला नवीन होता. तरी संवाद तपासून दिले. पण चित्रीकरणाच्या सकाळीच जुलमी माणसाचं काम करणारे गृहस्थ, खतांचे दुकानदार, साडूच्या मुलीच्या साखरपुड्याला निघून गेले. विद्यार्थी थेट माझ्या दारात. "मॅडम, तुम्हीच करा. तुम्हाला पाठसुद्धा करायला नको." मला राग आला आणि मी साडी बदलून त्याच्या गाडीत बसले.

अशी त्या विहिरीची मालकीण मी झाले. सिनेमातले लोक मला अक्का म्हणत. मी काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि "रांग सरळ करा" म्हणायचे. अभिनय काही करावा लागला नाही.

तो पहिला भाग फार चालला. भाजीबाजारात बायका थांबवून बोलू लागल्या, बसमध्ये जागा मिळू लागली. विद्यार्थी मात्र खट्टू झाला होता. त्याने भीतीचा सिनेमा काढला होता आणि कुणीच घाबरलं नव्हतं. मेथी विकणारी एक बाई मला म्हणाली, "अक्का, तुमना राज्यमां रोज पानी भेटस. आनि टायमावर भेटस. आनखी काय जोयजे?" मी तिला समजावलं की सिनेमात मी दुष्ट आहे. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मेथीची एक जुडी जास्त टाकली.

दुसऱ्या भागात हा गैरसमज दूर करायचा, असं विद्यार्थ्याने ठरवलं. या भागात जनता उठाव करते, अक्काला संपवते आणि पाणी सगळ्यांना मोकळं होतं. हाणामाऱ्या भरपूर होत्या. नायक जिमचा मास्तर होता, मोटारसायकलींना पत्रे ठोकून रणगाडे केले होते, जुने टायर पेटवून आकाश काळं केलं होतं. आणि उद्ध्वस्त जग म्हणून माझ्या भावाचं शेत निवडलं होतं. माझं माहेर जळगावच्या पूर्वेकडचं, केळीच्या पट्ट्यातलं; तिथली बोली अहिराणीपेक्षा वेगळी. भावाने नुकतेच घड उतरवले होते, बागेत वाळलेली पानं आणि कापलेली खोडं उभी होती. विद्यार्थ्याने ते बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. भावाला वाटलं, त्याला बाग आवडली.

माझ्या मरणाचा प्रसंग शेवटी होता. लोक मला खुर्चीवरून खाली ओढतात आणि मी मातीत पडून पाणी मागते. "इथे तुम्ही पुस्तकी बोलायचं नाही," विद्यार्थी म्हणाला. "मरताना माणूस आईची भाषा बोलतो." हे त्याला कुठे सुचलं होतं कोण जाणे, पण मला पटलं. मी मातीत आडवी झाले, कॅमेरा सुरू झाला आणि मी म्हणाले, "मले पानी द्या."

तो माझ्याकडे शाळेतल्यासारखा बघत राहिला. "मॅडम, माले. माले पानी द्या."

"तुझ्या आईची भाषा ती. माझ्या आईची मले."

बाजूला उभ्या माझ्या भावाने मान डोलावली. टायर विझत आले होते, पुन्हा करायला वेळ नव्हता. तसंच ठेवलं.

पहिला खेळ पारोळ्याच्या एका मंगल कार्यालयात लावला. पारोळा मधे पडतं, धुळ्याचे लोकही येतील आणि जळगावचेही, असा हिशेब. दोन्हीकडचे आले. ज्या मंचावर नवरा-नवरी बसतात तिथे पडदा लावला होता, त्याच्यामागे कुठल्याशा लग्नाची थर्माकोलची कमान तशीच होती. मी पहिल्या रांगेत बसले होते.

मारामाऱ्यांना शिट्ट्या पडल्या. मग माझं मरण आलं आणि कार्यालय एकदम गप्प झालं. मागे कुणीतरी बाई नाक ओढत होती. मला ते ऐकू येत होतं आणि मी वळून बघितलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी रडल्याचं मला माहीत नव्हतं. माझ्यामुळे पुष्कळ रडले असतील.

तेवढ्यात पडद्यावर मी "मले पानी द्या" म्हणाले आणि धुळ्याच्या बाजूने एक माणूस मोठ्याने म्हणाला, "म्हंजे बाई जळगावनी शे." जणू एवढ्या जुलमाचा आता उलगडा झाला. जळगावच्या बाजूने एकाने उठून विचारलं, "मंग? काय म्हननं आहे तुमचं?" सिनेमा थांबवून दोघांना बसवावं लागलं.

शेवटच्या दृश्यात पाण्याने भरलेलं नवं जग होतं. ड्रोन संथपणे वर जातो, खाली निळं पाणी, काठावर हसरे लोक. जळगावकरांनी ते ओळखलं. "अरे, हा तर आपला मेहरूण तलाव." त्यानंतर त्या नव्या जगाकडे कुणी बघितलंच नाही, काठावरचा वडापाववाला कोणता यावरच चर्चा चालू राहिली.

बाहेर चहा होता. साक्रीकडून आलेले एक आबा काठी टेकत विद्यार्थ्याजवळ आले.

"भाऊ, तिले कसाले मारं?"

"आबा, ती जुलमी होती. लोकांवर अन्याय करत होती."

"ते खरं शे. पन आते पानी कोन वाटी?"

"आता पाणी सगळ्यांचंच आहे."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजे कोनीच वाटाव नही," असं म्हणून ते चहाकडे गेले.

मोबाइलवर आल्यावरही तसंच झालं. निम्म्या लोकांनी हाणामाऱ्यांची वाहवा केली. निम्म्यांनी, अक्का नाही तर सिनेमात राम नाही, असं लिहिलं. एकाने मला अस्सल म्हटलं, तर एकाने माझी अहिराणी शिकवणी लावून सुधारावी असं सुचवलं. भावाचा फोन आला. "माह्या वावरात जग बुडालं म्हने. पाहुणे विचारताहेत, बागेला रोग पडला का." त्याच्या मुलीचं बघणं चालू होतं. मी म्हटलं, सिनेमा आहे म्हणून सांग. तो म्हणाला, सांगितलं, पण शेत खरं दिसतं ना.

विद्यार्थी एकदा घरी आला, खाली मान घालून बसला. "मॅडम, लोकांना स्वातंत्र्य दाखवलं, तर त्यांना तुम्हीच पाहिजेत." मी त्याला पोहे दिले. खरं म्हणजे मला बरं वाटलं होतं. ते त्याला कसं सांगणार?

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत टँकर येऊ लागला. पहिल्या दिवशी हंड्यांची आदळआपट ऐकून मी बाहेर आले, तर बायका आपणहून बाजूला झाल्या. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी काही बोलायच्या आत रांग लागली. मग रोजच मला बोलावणं येऊ लागलं. मी बसायचे, रांग सरळ राहायची, पाणी सगळ्यांना पुरायचं. मला ते आवडत होतं.

एके दिवशी गल्लीत नवी लग्न होऊन आलेली एक मुलगी उशिरा आली. सासूला बरं नाही, म्हणून पुढे घ्या म्हणाली. मी म्हणाले, "शेवटी उभी राहा." मला वाटलं, कुणीतरी माझ्याशी भांडेल. तिच्या जागी मी असते तर भांडले असते. पण कुणी काही बोललं नाही. एक-दोघी कौतुकाने हसल्या. आणि ती मुलगीसुद्धा हसली, जणू सिनेमात काम मिळालं, आणि हंडा घेऊन मुकाट्याने शेवटी जाऊन उभी राहिली. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. विद्यार्थ्याने पेटवलेल्या टायरांनीसुद्धा तो आला नव्हता.

मी तिचा हंडा स्वतः पुढे नेऊन भरून दिला आणि खुर्ची घरात आणली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं, मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. खिडकीतून ऐकू येत होतं सगळं. दोन हंडे चेपले, एकीच्या बांगड्या फुटल्या, निम्मं पाणी रस्त्यावर गेलं. दुपारी बायका तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या.

"अक्का, दुसरा भागसारखं व्हई गयं," त्यातली एक म्हणाली.

"मग तुमच्यातल्याच दोघी रोज आळीपाळीने उभ्या राहा," मी म्हटलं. "आणि घरात कुणी आजारी असेल तिला पुढे घ्या."

त्यांना ते फारसं आवडलं नाही. कुणी उभं राहायचं यावर माझ्या ओट्यावरच त्यांचं भांडण जुंपलं. ते मी बराच वेळ ऐकत बसले, मधे पडले नाही. मोठ्या मुश्किलीने.

त्या गेल्यावर मी विद्यार्थ्याला फोन लावला. त्याचा दुसरा भाग अगदी खरा निघाला, एवढंच सांगायचं होतं. पलीकडे बँड वाजत होता.

"मॅडम, काही ऐकू येत नाही," तो ओरडला. "वरमाला चालू शे. नंतर करतो."