परक्यांच्या उशाशी

लग्नानंतर बाराव्या दिवशी मी जालन्याजवळचं आमचं गाव सोडलं. यांना बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत नोकरी लागली होती. बसच्या दाराशी आईनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि म्हणाली, "तिथं कोणी आजारी पडलं तर बसायला जात जा. माणसं आपोआप आपली होतील." दादा ट्रंक चढवायला बसच्या टपावर गेला होता. बस सुटेपर्यंत तो माझ्यासमोर आलाच नाही. त्याला रडू लपवायचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तिथल्या राजपुरा मोहल्ल्यात आम्ही खोली घेतली. घरमालकीण शेवंताबाई एकटीच राहायची. तिचे मुलगे तापीकाठच्या केळीच्या मळ्यात. पहिल्या महिन्यातच तिनं मला बेटी केलं. चर्चमध्ये मात्र मी बरीच वर्षं परकी होते. माझी 'नमो मरिया' ही प्रार्थना इथं 'प्रणाम मरिया' झाली होती. देवाशी हिंदीत बोलताना आपण खोटं बोलतोय असं वाटायचं. मग हळूहळू जीभ वळली.

आईचं ऐकून मी आजाऱ्यांकडे जाऊ लागले. ते पाहून फादरांनी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीची, छोटी डबी माझ्या हाती दिली. मी काही मठातली सिस्टर नव्हते, दोन मुलींची आई होते. तरी वीसेक वर्षं मी ती डबी घेऊन घरोघर गेले. कितीतरी जणांचे डोळे मी माझ्या हातांनी मिटले.

अ‍ॅग्नेसबाई निवृत्त नर्स. तिला मागेपुढे कोणी नव्हतं. शेवटच्या दिवसांत तिनं माझा हात धरून वचन घेतलं, की मला एकटीला मरू देऊ नकोस. त्याच आठवड्यात एका सकाळी दादाचा फोन आला. आईला धाप लागतेय, ये. आई याआधी तीनदा अशी पडून उठली होती. मी म्हटलं, उद्या निघते. दादानं फोन ठेवला. अ‍ॅग्नेसबाई त्या दुपारी गेली. दुसऱ्या दिवशी तिला माती देऊन मी बस धरली. इच्छापूर मागे पडलं, महाराष्ट्र लागला, आणि वहिनीचा फोन आला.

मी पोचले तेव्हा आईला पेटीत ठेवलं होतं. फाटक वाजलं की ती मान वळवायची, असं वहिनीनं सांगितलं. कबरस्तानातून परतताना दादा एकच वाक्य बोलला.

"परक्यांकडे तू वेळेवर पोचतेस."

 

बुऱ्हाणपूरला परत आल्यावर मी डबी फादरांच्या हातात ठेवली. त्यांनी समजूत घातली नाही. वर्षभर मी चर्चमध्ये मिस्सेला मागच्या बाकावर बसत होते आणि दादा माझे फोन कापत होता.

मग शेवंताबाईनं अंथरूण धरलं. एका दुपारी ती म्हणाली, तुमची ती प्रार्थना म्हण ना. मी म्हटलं, ते सगळं सोडलं मी.

"माझ्यासाठी नको म्हणू, बेटी," ती म्हणाली. "तुझ्या मायसाठी म्हण. तिच्यापाशी बसायचं राहिलं ना? मग माझ्यापाशी बैठ."

मी तोंड उघडलं तर मराठीच आलं. 'नमो मरिया'. आईच्या मागोमाग लहानपणी म्हणायचे, तसंच. आई गेल्यावर मी पहिल्यांदा रडले ते शेवंताबाईच्या उशाशी. आठ दिवसांनी ती गेली, आणि मुलगे तिला तापीच्या राजघाटावर घेऊन गेले. मी दारात उभी राहिले, आणि त्याच आठवड्यात जाऊन डबी परत मागितली. आता मी हे काम पुण्यासाठी करत नाही. एका जागी बसायचं राहून गेलं, म्हणून बसते.

दर रविवारी मिस्सेनंतर दादाला फोन करते. आता तो उचलतो, पण बोलत नाही. मीच बोलते, मुलींचं, यांच्या गुडघ्यांचं. मग गप्प राहून पलीकडचं ऐकते. कोंबड्या, हापशाची कुरकुर, कोणीतरी अंगण झाडतंय. गावातलं एवढंच आता माझ्या वाट्याला उरलंय.

गेल्या रविवारी लांबून वहिनीचा आवाज आला, कोणाचा फोन आहे? 

"घरचा," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.